काजळी आणि नॉक्सच्या कात्रीत सापडलेले डिझेल इंजिन

डिझेल वाहनाचा काळा धूर सर्वांनाच खटकतो. मात्र त्याच धुरांड्यातून बाहेर पडणारी नायट्रोजनची ऑक्साइडे, ज्यांना या क्षेत्रातले लोक ‘नॉक्स’ म्हणतात, सहसा डोळ्यांना दिसत नाहीत आणि धूर कमी करण्याचे बरेच सोपे उपाय नेमकी तीच वाढवतात. या पेचाचे मूळ डिझेल ज्या रीतीने जळते त्या रीतीतच आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, तेव्हा ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तप्त हवेत इंजेक्टर अतिशय बारीक छिद्रांतून डिझेलचा फवारा सोडतो. आजच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून इंधन पुरवणाऱ्या इंजिनांत, या फवाऱ्याचा दाब २,००० बारच्या (वातावरणीय दाबाच्या सुमारे दोन हजार पटींच्या) घरात जातो. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन भरपूर पण ऑक्सिजन अपुरा असल्याने तेथे काजळी धरते. कडेला ज्वाला अतितप्त आणि हवा मुबलक असल्याने एरवी स्वस्थ असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. तयार झालेल्या काजळीचा मोठा भाग सिलिंडरमध्येच पुढे जळून जातो, पण त्यासाठी लागणारी उष्णता आणि ऑक्सिजन हेच नॉक्सचेही खाद्य आहे.

म्हणूनच ईजीआर प्रणालीने थोडा धूर पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला की ज्वालेचे तापमान उतरते, नॉक्स घटतो आणि काजळी वाढते. इंधन उशिरा फवारले तरीही नॉक्स घटतो, पण मायलेज पडते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ (भारत स्टेज-६) प्रदूषण मानकांनी डिझेल मोटारींसाठी नॉक्सची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणि काजळीसारख्या कणांची २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर आणली. केवळ ज्वलन सुधारून दोन्ही आकडे एकाच वेळी गाठणे फार अवघड असल्याने सफाईचे बरेचसे काम सिलिंडरबाहेर, धुराच्या वाटेवर गेले.

त्यातील डीपीएफ म्हणजे पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी. तिच्या नळ्या एकाआड एक बंद असल्याने धुराला सच्छिद्र भिंतींतूनच जावे लागते आणि काजळी मागे राहते. ती जाळण्यासाठी साधारण ६०० अंश तापमान लागते, जे शहरातील रखडत्या वाहतुकीत आपोआप मिळत नाही. त्यामुळे बऱ्याच इंजिनांत संगणक जादा डिझेल फवारून ते मुद्दाम निर्माण करतो. ही प्रक्रिया चालू असतानाच चालकाने वारंवार इंजिन बंद केले, तर न जळलेले डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी न भरताच वाढलेली दिसली, तर त्याचे एक कारण हेच असते आणि असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे नीट रक्षण करत नाही.

नॉक्ससाठी, विशेषतः ट्रक आणि बसमध्ये, ३२.५ टक्के युरियाचे द्रावण धुरात सोडतात. उष्णतेने त्यातून अमोनिया निघतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने नॉक्सचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्यात करतो. खर्च वाचवण्यासाठी या टाकीत शेतीचा युरिया विरघळवून घालणे अत्यंत घातक आहे, कारण त्यावरील कडुनिंबाच्या तेलाचा लेप आणि इतर अशुद्धी नोझल व उत्प्रेरक दोन्ही निकामी करू शकतात.

याहून गंभीर बाब अशी की, काही जण ही प्रणालीच बंद करून घेतात आणि तरीही त्यांना पीयूसी प्रमाणपत्र मिळू शकते. डिझेल वाहनांच्या पीयूसी तपासणीत धुराचा दाटपणा मोजतात, नॉक्स मोजत नाहीत. ही उणीव तातडीने भरून काढायला हवी आणि त्यासाठी सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही: युरियाची प्रणाली असलेल्या बीएस-६ ट्रकच्या धुरांड्यात नॉक्सचा सेन्सर मुळातच बसवलेला असतो आणि त्याचे आकडे वाहनाच्या निदान-सॉकेटमधून, म्हणजे बिघाड तपासण्याचे यंत्र जोडायच्या जागेतून, वाचता येतात.