खिशातल्या चिठ्ठ्या आणि स्टार्टरचं गणित

माझ्या चुलत भावाचा शर्ट भिजवायच्या आधी काकू त्याचा खिसा उलटा करून झटकतात. परवा त्यातून कृषी केंद्राची अर्धी पावती निघाली, तिच्या पाठीवर 'स्टार्टर'. एसटीच्या तिकिटावर 'फी'. आणि एका चिटोऱ्यावर नुसतेच 'वीस'. वीस काय? क्विंटल, रुपये की पाहुणे? त्यालाही आठवेना.

वर्धा जिल्ह्यात सात एकर वावर, वय ३८, डोकं तल्लख. पण वखराची पास लोहाराकडे न्यायला निघालेला हा गडी तासाभराने दुसऱ्याच्याच विहिरीवर मोटार उघडून बसलेला सापडतो. गावाने त्याचं निदान लहानपणीच करून ठेवलं होतं: पोट्टं उनाड आहे. आजीने 'बाहेरचं' म्हणून ताईत बांधला. त्याचा उपयोग एवढाच झाला की वर्गात बसल्या बसल्या हाताला चाळा मिळाला. मागच्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी असल्याचं सांगितलं. अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे नावाप्रमाणे लक्षाची कमतरता आणि अतिचंचलता.

हा लेख लिहायचं कारण मात्र व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली एक जाहिरात. 'एआयच्या मदतीने एडीएचडी मुळासकट बरा.' भावाने ती मला पाठवली, खाली लिहिलं, "हे खरं हाय काय भाऊ?" खोटं आहे. ताईत विकणाऱ्याने दुकानाची पाटी बदलली, एवढंच. पण गेले दोन महिने हाच भाऊ फोनमधल्या एआयशी बोलून जे करतोय ते खरं आहे, आणि त्याच्यामागचं गणित मला भयंकर आवडतं.

आधी एडीएचडीबद्दल थोडं. हे मोबाइलमुळे आलेलं खूळ नव्हे. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने अशा अस्थिर लक्षाचं वर्णन १७९८ साली करून ठेवलंय. निदानाची आजची अटही अशी की काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली हवीत. चाळिशीत रील पाहून लक्ष उडतंय, तो प्रकार वेगळा. नावही फसवं आहे. लक्ष कमी नसतं, लक्षाचा लगाम सैल असतो. मोटार उघडून बसलेल्या माझ्या भावाला जेवायची हाक ऐकू येत नाही, यात लक्ष कमी कुठे दिसतं?

कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग आहे तो हा लगाम धरतो, आणि त्यासाठी त्याला डोपामिन व नॉरअॅड्रेनलिन या रसायनांचा नेमका पुरवठा लागतो. याच भागाच्या भरवशावर कार्यकारी स्मृती चालते, म्हणजे हातातलं काम होईपर्यंत गोष्टी डोक्यात धरून ठेवणारी छोटी ओसरी. तिच्यात साधारण सात गोष्टी मावतात असं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हिशेब चारच्या आसपास आणला. म्हणजे ओसरी तुमची-माझीही लहानच आहे. एडीएचडी असलेल्या पुष्कळांच्या बाबतीत पाचवा पाहुणा आला की पहिला कधी उठून गेला हे कळतच नाही. चिठ्ठीवर 'वीस' लिहिताना 'कशाचे' हे डोक्यात होतं. चिठ्ठी खिशात जाईपर्यंत ते निघून गेलं.

आता भाऊ चिठ्ठी लिहीत नाही. धुऱ्यावरच्या लिंबाखाली रेंज येते, तिथे उभा राहून फोनशी बोलतो. जानेवारीतली एक नोंद त्याने मला ऐकवली: "तूर काढाची हाय, थ्रेशरवाल्याले सांगाचं. पोरीची फी. हरभऱ्याचं ओलित राह्यलं. मावशीकडच्या लग्नाचा आहेर. स्टार्टर टकटक करते. पऱ्हाटी उपटाची. याचे ढीग लावून दे." ढीग लागले. मला चकित केलं ते एका गोष्टीने: स्टार्टर ओलिताच्या, म्हणजे पाणी देण्याच्या, ढिगात गेला होता. तो मोटारीचा आहे हे भाऊ बोललाच नव्हता. लग्नाच्या पंगतीतही स्टार्टर असतो, मंचुरियनचा. यंत्राने लग्न सोडून विहीर कशी पकडली?

आठवडी बाजारात अनोळखी दुकान शोधायचं तर आपण शेजार बघतो. मिरचीवाल्याच्या बाजूला हळदवाला असणार, दावे-कासऱ्यांच्या बाजूला घुंगरमाळा. शब्दांचंही तसंच. शब्द ओळखावा त्याच्या सोबतीवरून, असं इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटलं होतं. २०१३ साली गूगलमधल्या तोमास मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांनी 'वर्ड२व्हेक' या पद्धतीने ती सोबत अंकांत उतरवली. अफाट मजकूर वाचून प्रत्येक शब्दाला शेकडो अंकांचा पत्ता द्यायचा, असा की एकाच संगतीतले शब्द जवळजवळ राहावेत.

आपण दोनच अंक घेऊ. पहिला शेतपाण्याचा, दुसरा घरखर्चाचा. ओलित (९, १), मोटार (८, २), फी (१, ९). प्रत्येक जोडी म्हणजे शून्यापासून निघालेला एक बाण समजा. जागच्या जागी गुणा आणि बेरीज करा. ओलित व मोटार: ७२ + २ = ७४. ओलित व फी: ९ + ९ = १८. या बेरजेला दोन्ही बाणांच्या लांबीच्या गुणाकाराने भागलं (लांबी पायथागोरसने काढायची) की त्यांच्यातल्या कोनाची कोसाइन मिळते. पहिल्या जोडीची ०.९९, दुसरीची ०.२२. एकाच्या जवळ म्हणजे सख्खे शेजारी. हे अंक मी समजावण्यापुरते घेतलेत. खऱ्या यंत्रात कुठल्याच अंकावर 'शेती' अशी पाटी नसते.

पण स्टार्टरचा पत्ता एकच असेल तर तो विहीर आणि पंगत यांच्या मधोमध लटकणार. इथे २०१७ सालची करामत येते. गूगलमध्ये काम करणाऱ्या आठ संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर ही रचना मांडली आणि तिच्या गाभ्याशी ठेवलं 'अटेन्शन', म्हणजे लक्ष. ज्याचं अटेन्शन थाऱ्यावर नाही म्हणून गाव हसलं, त्याच्या मदतीला हेच यावं! यात प्रत्येक शब्दाकडे एक प्रश्नाची अंकमाला असते आणि एक ओळखीची. स्टार्टरचा प्रश्न बोलण्यातल्या प्रत्येक शब्दाच्या ओळखीशी वरच्यासारखाच गुणला जातो, अंकमालेतल्या अंकांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागला जातो, मग घातांक घेऊन सगळ्या उत्तरांची अशी वजनं केली जातात की बेरीज बरोबर १ यावी. जास्त वजनाचे शेजारी स्टार्टरचा पत्ता आपल्याकडे ओढतात. 'टकटक' आणि 'ओलित' यांनी तो विहिरीवर नेला. हे एकदा नव्हे, थरावर थर होतं. शेवटच्या दोन-तीन वाक्यांत तुमचा हात सुटला असेल तर सोडून द्या. ओढाताण होते एवढं लक्षात राहिलं तरी चालेल.

आणि ही ओढाताण चुकतेही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कुठे गेली? यंत्राने ती 'पराठे' अशी ऐकली आणि लग्नाच्या स्वयंपाकात टाकली. आपली वऱ्हाडी लिखाणात कमी उतरते, मग यंत्राला तिची सोबत कळणार कशी? चूक छोटी नव्हती. पऱ्हाटी वावरात उभी राहिली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. दुसऱ्यांदा तर फीची शेवटची तारीख यंत्राने मनानेच लिहिली. तेव्हापासून भाऊ प्रत्येक नोंदीच्या शेवटी बजावतो, "मी बोललो तेवढंच लिही, पदरचं घालू नोको."

ढीग लागले म्हणजे काम झालं असंही नाही. दहा ओळींची नीटस यादी बघून तो पुन्हा मोटार उघडायला गेल्याचं मी पाहिलंय. म्हणून आता तो विचारतो, "उठून पह्यलं काय करू, एकच सांग." औषध आणि डॉक्टरांची भेट सुरूच आहे. ज्यांना स्वतःबद्दल शंका वाटते त्यांनी जाहिरातीला नव्हे, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ वर फोन लावावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

परवा त्याने खिशातल्या जुन्या चिठ्ठ्याही फोनला वाचून दाखवल्या. 'वीस' कुठल्याच ढिगात बसले नाहीत. 'कशाचे ते कळलं नाही' असं लिहून यंत्राने ते बाजूला ठेवले. भाऊ मोठ्याने वाचत होता. तेवढ्यात न्हाणीतून काकूंचा आवाज आला, "पोते बाप्पा, पोते! तुरीसाठी वीस रिकामे पोते आनाचे सांगतले होते तुले."