कमिट आणि तिकीट यांची कमांड लाइनवरील जोडणी

व्हर्जन कंट्रोल प्रणालीत नोंदवलेला बदल म्हणजे कमिट, आणि तो बदल ज्या तक्रारीमुळे किंवा मागणीमुळे करावा लागला तिची इश्यू ट्रॅकरमधील नोंद म्हणजे तिकीट. ब्राउझर न उघडता, टर्मिनलवरील आज्ञांनीच या दोहोंत कायमचा दुवा बांधण्याच्या पद्धतीचा विचार या नोंदीत केला आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेता येईल. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उसाचे निव्वळ वजन मिळते. रिकामे वजन दोनदा वजा होत असल्याची तक्रार आली आणि तिला ४१२ हा क्रमांक मिळाला, असे समजू. काम हाती घेणारा प्रोग्रामर ४१२ ने सुरू होणाऱ्या नावाची ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, काढतो, दुरुस्ती करतो आणि कमिटच्या संदेशात तो क्रमांक लिहितो. पुश झाल्यावर, म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवल्यावर, ट्रॅकर संदेश वाचून तिकिटाखाली कमिटचा दुवा लावतो, आणि संदेशात ठरावीक क्रियापद आढळल्यास तिकीट बंदही करतो. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर क्लोज, फिक्स आणि रिझॉल्व्ह या तीन क्रियापदांची मिळून नऊ रूपे ओळखली जातात. मात्र बदल रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) डीफॉल्ट, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये पोहोचेपर्यंत तिकीट उघडेच राहते.

या पद्धतीचे मूळ कोठे मानावे, याबाबत मते वेगवेगळी आहेत. २००४ साली पुढे आलेल्या ट्रॅक या प्रणालीला हे श्रेय सामान्यतः दिले जाते, कारण सबव्हर्जन या व्हर्जन कंट्रोल प्रणालीच्या पोस्ट-कमिट हुकमधून (कमिटनंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) कमिटचा संदेश वाचून तिकिटाची स्थिती बदलणारी तिची स्क्रिप्ट पुष्कळांनी वापरली. दुसरे मत डेबियन या लिनक्स वितरणाकडे बोट दाखवते. इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली डेबियनची बग-नोंद प्रणाली ईमेलवर चालत असे, आणि पुढे पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) ‘क्लोजेस’ हा शब्द व बगचा क्रमांक लिहिला की पॅकेज दाखल होताच बग बंद होऊ लागला. मात्र चेंजलॉग म्हणजे कमिटचा संदेश नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. याहून जुना आणि बहुधा अधिक विचारात घेण्याजोगा पुरावा एससीसीएस या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत मिळतो. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली बेल लॅब्समध्ये रचलेल्या या प्रणालीच्या युनिक्सवरील आवृत्तीत बदल नोंदवताना ‘मॉडिफिकेशन रिक्वेस्ट’चे क्रमांक देण्याची सोय होती, एक ध्वज (फ्लॅग) लावला की क्रमांक विचारला जाई आणि तो खरा आहे की नाही हे तपासणारा स्वतंत्र प्रोग्रामही नेमता येई. ही सोय बहुधा १९७० च्या दशकातलीच असावी. तिकीट आपोआप बंद करण्याची कल्पना नंतरची असली, तरी बदलाला मागणीचा क्रमांक हवा आणि तो यंत्राने तपासावा, हा गाभा एससीसीएसमध्येच तयार झालेला दिसतो.

गिट या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत हे काम हुकांकडून करून घेतात. प्रिपेअर-कमिट-मेसेज हा हुक ब्रँचच्या नावातून क्रमांक काढून संदेशात आधीच भरून ठेवतो. कमिट-मेसेज या हुकला संदेशाच्या फाइलचा पत्ता मिळतो, आणि त्याने शून्याखेरीज कोणताही निकाल दिला की कमिट थांबते. हे हुक क्लोन करताना, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत घेताना, सोबत येत नाहीत आणि नो-व्हेरिफाय या पर्यायाने कमिट-मेसेजची तपासणी टाळता येते. म्हणून सक्तीची तपासणी सर्व्हरवरील प्री-रिसीव्ह हुकमध्येच ठेवणे योग्य. रेडमाइन या ट्रॅकरमध्ये आणखी एक अडचण संभवते. नवी कमिट कोणी रिपॉझिटरीचे पान उघडल्यावर किंवा क्रॉन या वेळापत्रकानुसार आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने ठरलेल्या वेळी वाचली जात असतील, तर पुश होऊनही तिकीट काही काळ जुन्याच स्थितीत दिसते.

हॅश चिन्ह (#) या पद्धतीची ओळख बनले आहे, पण टर्मिनलवर सर्वाधिक घोटाळे त्यामुळेच होतात. बॅशसारख्या शेलमध्ये (टर्मिनलवरील आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामात) शब्दाच्या आरंभी, अवतरणाबाहेर आलेले हे चिन्ह टिप्पणी मानले जाते; त्यामुळे ‘#४१२’ हा मजकूर आज्ञेपर्यंत पोहोचतच नाही आणि आज्ञा क्रमांकाविनाच चालते. संपादकात (टेक्स्ट एडिटरमध्ये) संदेश लिहिताना गिटही या चिन्हाने सुरू होणारी ओळ टिप्पणी समजून गाळतो. ओळीच्या आरंभी तिकिटाचा क्रमांक लिहिणाऱ्याची जोडणी अशी निमूटपणे नाहीशी होते. आज्ञेतच एम पर्यायाने दिलेल्या संदेशात ती ओळ टिकते, पण पुढे रीबेस, म्हणजे जुन्या कमिटची फेरमांडणी, करताना तोच संदेश संपादकात उघडला की जाते. क्रमांकाआधी शब्द ठेवणे, किंवा कोअर-कमेंटचार या सेटिंगने टिप्पणीचे चिन्ह बदलणे, हे यावरचे उपाय आहेत. जिरा या ट्रॅकरच्या तिकिटात प्रकल्पाची अक्षरे, जोडरेघ आणि क्रमांक अशी रचना असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. मराठीत संदेश लिहिणाऱ्यांनी अंकांची लिपीही पाहावी. संदेश देवनागरीत असण्यास गिटची हरकत नसते, परंतु हुकमधील शून्य ते नऊ ([0-9]) हा नेहमीचा नमुना देवनागरी अंक ओळखत नाही. उलट पायथन ३ मधील अंकाचे चिन्ह (\d) ते ओळखते. परिणामी हुकने मान्य केलेला क्रमांक ट्रॅकरला मात्र वाचता येत नाही, असे घडू शकते. संदेश मराठीत आणि क्रमांक इंग्रजी (0 ते 9) अंकांत, ही विभागणी सुरक्षित ठरते.

गिटहबची अधिकृत कमांड लाइन प्रणाली ‘जीएच’ सप्टेंबर २०२० मध्ये १.० या आवृत्तीपर्यंत पोहोचली; तिच्यात तिकीट काढणे, वाचणे, बंद करणे आणि तिकिटावरून ब्रँच तयार करणे या सोयी आहेत. गिटलॅबसाठी ‘जीलॅब’ हे साधन वापरतात.

शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांमध्ये कास्टिंगवर हीट नंबर (धातू वितळवण्याच्या त्या खेपेचा क्रमांक) उठवण्याची पद्धत कोल्हापूरकरांना परिचित आहे. भाग गिऱ्हाइकाकडे तडकला, तर त्या नंबरावरून धातू कोणत्या हीटचा होता आणि त्याचे रासायनिक पृथक्करण काय होते, येथपर्यंत माग काढता येतो. कमिटमधील क्रमांकाचे काम तेच आहे. कोडमधील एका ओळीवर ब्लेम ही आज्ञा चालवली की ती ओळ शेवटची बदलणारी कमिट सापडते, कमिटवरून तिकीट आणि तिकिटावरून मूळ तक्रार. गळीत हंगामात फोनवर आलेल्या तक्रारीची दुरुस्ती तिकिटाविना, रातोरात केली, तर पुढल्या हंगामात ती ओळ का लिहिली याचे उत्तर मिळत नाही. म्हणून अशा कामाचे तिकीट उशिरा का होईना, पण काढावे आणि त्यात कमिटचा हॅश (कमिटची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची मालिका) नोंदवावा.

क्रमांकापुरतेच थांबणे मात्र धोक्याचे आहे. सॉफ्टवेअरची देखभाल एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा रिपॉझिटरी हस्तांतरित होते, पण ट्रॅकरचे खाते बंद पडू शकते आणि ४१२ हा आकडा निरर्थक होतो. पहिल्या ओळीत दोष शब्दांत सांगणे आणि शेवटी ट्रेलरच्या (संदेशाच्या अखेरीस ‘नाव: मूल्य’ अशा ओळीच्या) रूपाने क्रमांक किंवा पूर्ण दुवा देणे हा प्रघात त्यामुळेच श्रेयस्कर वाटतो. लिनक्स कर्नलमध्ये ‘फिक्सेस’ या ट्रेलरपुढे तिकिटाचा क्रमांक नसून दोष ज्या कमिटमुळे आला तिच्या हॅशची निदान पहिली बारा चिन्हे आणि तिचे शीर्षक लिहितात. डी. रिचर्ड हिप यांच्या फॉसिल प्रणालीत तर तिकिटे रिपॉझिटरीतच साठवलेली असतात, त्यामुळे क्लोन करणाऱ्याच्या हाती दोन्ही एकत्रच येतात.