‘आधी सोडू दे, मग जातो मीटिंगला’

हे वाक्य कितीतरी घरांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. समज असा, की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सुटलेल्यांची मंडळी. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झालेल्या या संघटनेची अट मात्र एकच: दारू सोडायची इच्छा. सुटलेली असायला हवी, असं कुठेच नाही. (तशी असती तर मीटिंग हवी कशाला?) फी नाही, आडनावही कुणी विचारत नाही.

मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या खोलीत. एकेक जण पहिलं नाव सांगून आपलीच गोष्ट सांगतो. तुम्ही मागच्या बाकावर नुसतं ऐकत बसलात तरी चालतं. वर्गणीची पिशवी फिरते. नवख्याने ती तशीच पुढे सरकवावी. ‘ओपन’ मीटिंगला बायको-भाऊही बसू शकतात, ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची किंवा सोडलेल्यांची. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळी.

एक मात्र आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते. तिथे आधी डॉक्टर गाठायचा. एए औषध देत नाही.