मे महिन्यातली रंगरंगोटी आणि जूनमधली नदी

पुण्यात एप्रिल-मे हा सोसायट्यांच्या दुरुस्तीचा मोसम. बाहेरचा रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाक्यांची सफाई, बागेत नवी माती आणि खत, सगळं पावसाच्या आत उरकायचं असतं. कारणही रास्त आहे, ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. पण नदीच्या दृष्टीने याहून वाईट वेळ नाही.

इमारतीखालून पाणी दोन वाटांनी बाहेर पडतं. संडास-न्हाणीघराचं सांडपाणी ड्रेनेज लाइनने मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जातं, निदान जावं अशी व्यवस्था असते. पार्किंगमधल्या लोखंडी जाळीत पडलेलं पाणी मात्र पावसाळी गटारातून सरळ ओढ्याला लागतं. मध्ये शुद्धीकरण नाही. बावधन, पाषाण, बाणेर या भागांतलं पाणी राम नदीत उतरतं. राम नदी औंधजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनी धरणात जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं.

पावसाचा पहिला लोट सर्वांत घाण असतो, हे जगभर मोजून पाहिलेलं आहे. जिथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो तिथे जमीन वरचेवर धुतली जाते. आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत जवळजवळ काहीच धुतलं जात नाही. धूळ, टायरची झीज, गाड्यांचं ठिबकलेलं तेल सात-आठ महिने साचत राहतं आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर एकदम निघतं. त्या वेळी नदीला पाणी कमी असतं, त्यामुळे विष पातळ व्हायलाही वाव नसतो. नेमकं त्याच्या तोंडावर आपण खरवडलेला रंग आणि सिमेंटची भुकटी आवारात सोडून देतो.

सिमेंट निरुपद्रवी वाटतं, पण ताज्या सिमेंटच्या धुवणाचा सामू (pH, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा अंक) १२ च्या पुढे जातो. नदीच्या चांगल्या पाण्याचा सामू साधारण साडेसहा ते साडेआठच्या मध्ये असतो. सामूचा एक अंक वाढला की पाण्याचा अल्कधर्म दहापट होतो, म्हणजे ८ पासून १२ पर्यंतचा फरक दहा हजार पटींचा. असं पाणी माशांचे कल्ले भाजून काढतं. गच्चीवर कोबा घातला की तो मुरवायला कित्येक दिवस पाणी तुंबवून ठेवतात. काम संपल्यावर तेच पाणी पन्हळीच्या पाइपमधून सोडून दिलं जातं. पाइप पुनर्भरणाच्या खड्ड्याला जोडलेला असेल तर ते थेट बोअरवेलच्या वाटेला लागतं. रेन वॉटर हार्वेस्टिंग केलं म्हणून निर्धास्त असलेल्या सोसायट्यांनी इकडे आधी लक्ष द्यावं. काम सुरू होण्यापूर्वी पाइपवरचा बायपास व्हॉल्व्ह फिरवून खड्ड्याचा रस्ता बंद करायचा आणि गच्ची दोन-तीन चांगल्या सरींनी धुऊन निघाल्यावरच पुन्हा उघडायचा. कोब्यावर तुंबवलेलं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये थोडंथोडं सोडावं.

टाकीच्या सफाईचा हिशेब तर करून पाहण्यासारखा आहे. निर्जंतुकीकरणासाठी लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन ही मात्रा नेहमी सांगितली जाते. दहा हजार लिटरच्या टाकीत म्हणजे अर्धा किलो क्लोरीन झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अल्पकाळाची मर्यादा लिटरला ०.०१९ मिलिग्रॅम ठरवली आहे. अर्धा किलो क्लोरीन तेवढा पातळ करायला सुमारे २.६ कोटी लिटर पाणी लागेल. नाल्यातल्या घाणीशी क्रिया होऊन बराचसा क्लोरीन वाटेतच संपतो हे खरं, पण त्या भरवशावर अख्खी टाकी जाळीत उपसणं मला मान्य नाही. आपल्या नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावा असं भारतीय मानक सांगतं. आपल्याला सुरक्षित असलेलं तेवढं पाणीसुद्धा माशांच्या मर्यादेच्या दसपट आहे! घरात फिशटँक असलेल्यांना हे ठाऊक असतं, म्हणून ते पाणी बदलताना अँटी-क्लोरीनचे थेंब घालतात. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, पूर्वी फोटो धुताना वापरायचे तोच हायपो. टाकीचं पाणी सोडण्याआधीही हायपो घालता येतो. ते जमत नसेल तर पाणी ड्रेनेज लाइनमध्ये सोडावं. तळाचा गाळ मात्र वेगळा काढून वाळवावा.

जुना ऑइलपेंट खरवडताना शिशाची भीती असते. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली ग्रिल्स, जिने, दरवाजे अजून जागोजागी आहेत. खरवडलेले पापुद्रे खाली मुलं खेळतात त्या मातीत पडतात आणि पावसात वाहून जातात. शिसं कुजत नाही, विरत नाही. खाली ताडपत्री अंथरायची, पृष्ठभाग किंचित ओला करून खरवडायचं, संध्याकाळी सगळं गोळा करून पोत्यात बांधायचं. झाडून काढता येण्यासारखं काहीही पाइप लावून धुऊ नये, हा नियम सांडलेल्या सिमेंटलाही लागू आहे. जनरेटरजवळ सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो उचलावा.

खताबद्दल एवढंच, की पाऊस तोंडावर आला असताना युरिया टाकला तर त्यातला बराचसा झाडाला लागतच नाही, वाहून जातो. नदीतली जलपर्णी मुख्यतः सांडपाण्यावर पोसते, तरी हे नायट्रोजनही तिच्याच कामी येतं.

रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ब्रश धुवायला त्याला जागा कोणी दाखवलेलीच नसते, समोर दिसते ती जाळी. एक जुना ड्रम ठेवला तर इमल्शनचं धुवण रात्रभर निवळतं. वरचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ओतायचं, तळाचा थर वाळवून वेगळा उचलायचा. घमेली आणि थापी धुतलेलं पाणीही असंच निवळू द्यावं. खाली बसलेला सिमेंटचा थर घट्ट झाला की राडारोड्यात देता येतो. ड्रमची जागा, ताडपत्री आणि व्हॉल्व्ह कोणी फिरवायचा, हे तिन्ही मुद्दे कंत्राटदाराच्या वर्क ऑर्डरमध्येच लिहावेत आणि शेवटचं बिल त्यांची पाहणी झाल्यावर द्यावं.