जॅक ईलम : जमाखर्चाच्या वहीतून पिस्तुलाकडे

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (1968) ज्यांनी पाहिलाय, त्यांना ती माशी आठवत असेल. ओसाड रेल्वे स्टेशन, तेलपाण्यावाचून कुरकुरणारी पवनचक्की आणि गाडीची वाट बघत बसलेले तीन बंदूकवाले. त्यातल्या एकाच्या तोंडावर माशी घोटाळते. गडी हात उचलायचाही आळस करतो. ओठ वाकडे करतो, फुंकर मारतो, ती पुन्हा येते. शेवटी तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो आणि नळी कानाशी धरून आतली गुणगुण खुशीत ऐकत बसतो. मग गाडी येते, नायक चार्ल्स ब्रॉन्सन उतरतो आणि तिघेही आडवे होतात. सिनेमा अजून अडीच तास बाकी असतो.

तो माशीवाला म्हणजे जॅक ईलम. नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण चेहरा दिसला की ‘अरे, हा!’ होतंच. सांभाला ‘शोले’त तीनच शब्द होते, तरी तो आपल्याला पाठ आहे, तशीच ही जात.

ईलम मूळचा ॲरिझोनातल्या मायामीचा. नाव फ्लोरिडातल्या शहराचं, पण हे तांब्याच्या खाणींचं गाव. लहानपणी स्काउटच्या मेळाव्यात भांडण झालं, दुसऱ्या पोराची पेन्सिल डाव्या डोळ्यात घुसली आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. बुबुळ पुढे आयुष्यभर भलतीकडेच बघत राहिलं. नायक होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यालाही तसली हौस नसावी. तो झाला हिशेबनीस. काही काळ लॉस एंजेलिसच्या बेल-एअर हॉटेलचा व्यवस्थापक होता. सॅम्युएल गोल्डविनच्या स्टुडिओत ऑडिटर होता, ‘हॉपलाँग कॅसिडी’ या काऊबॉय मालिकेचे हिशेबही त्याने पाहिले. म्हणजे वेस्टर्न सिनेमाशी, काऊबॉय आणि बंदुकांच्या त्या दुनियेशी, त्याची पहिली ओळख घोड्यावरून नव्हे, खर्चाच्या रकान्यांतून झाली.

एका डोळ्यावर आकड्यांचा सगळा भार. डॉक्टरांनी बजावलं, हे काम सोड, नाहीतर हाही डोळा जाईल. त्याच सुमारास एका ओळखीच्या माणसाचे वेस्टर्न पैशांवाचून अडले होते. ईलमला पैसे कुठून उभे राहतात ते ठाऊक होतं. मी सोय करतो, मला खलनायकाची कामं द्या, असा सौदा त्याने केला. निदान स्वतः तो असंच सांगायचा. हिशेब मात्र चोख होता, यात शंका नाही.

तेव्हाचे स्वस्तातले वेस्टर्न जेमतेम तास-सव्वा तासाचे. वाईट कोण हे माणूस दारातून आत येताक्षणी कळायला हवं, कारण समजावून सांगायला वेळ नाही. अशा धंद्यात ईलमचा डोळा म्हणजे लॉटरीच. ‘रॉहाइड’मध्ये (1951) तो तान्ह्या पोराच्या पायांभोवती गोळ्या झाडतो, तो प्रसंग आज पाहतानाही अंग आक्रसतं. ‘हाय नून’मध्ये (1952) तो कोठडीतला दारुडा आहे. काम मिनिटभराचं, श्रेयनामावलीत नावही नाही. पुढे ‘व्हेरा क्रूझ’, ‘द मॅन फ्रॉम लॅरमी’, ‘गनफाइट ॲट द ओ. के. कोराल’. बहुतेक ठिकाणी एकच नशीब: मुख्य खलनायकाच्या मागे उभं राहायचं आणि त्याच्या आधी मरायचं.

पन्नाशीच्या दशकात वेस्टर्न टीव्हीवर पसरला आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांत घोड्यांची नुसती गर्दी उडाली. ‘गनस्मोक’ तर वीस वर्षं चालली. ईलम तिथे वारंवार येऊन मरत राहिला. 1963 मध्ये मात्र गंमत झाली. ‘द डकोटाज’ आणि ‘टेंपल ह्यूस्टन’ या मालिकांत हा कायदेवाल्यांच्या बाजूला. दोन्ही लवकर बंद पडल्या. दोष त्याचा नव्हता.

त्याची खरी पुंजी पुढे निघाली. लोक वेस्टर्नच्या ठरावीक खलनायकांना कंटाळले, तेव्हा दिग्दर्शक बर्ट केनेडीने ‘सपोर्ट युअर लोकल शेरीफ’मध्ये (1969) त्याला विनोदी केलं. तोच डोळा, तीच दाढी, पण आता पाहताक्षणी हसू फुटायचं. भीती घालणारा चेहरा हसवायला लावणं सोपं नसतं. आधीची वीस वर्षं प्रेक्षकांच्या मनात मुरलेली असावी लागतात.

सिनेसृष्टीत नटाची किंमत कशी चढते-उतरते, याचा एक किस्सा तो रंगवून सांगायचा. निर्माता आधी विचारतो, कोण हा जॅक ईलम? मग म्हणतो, ईलमच हवा. मग, ईलमसारखा कुणी बघा. मग, ईलमसारखाच पण तरुण बघा. आणि शेवटी पुन्हा: कोण हा जॅक ईलम?

1994 मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या काऊबॉय संग्रहालयाने वेस्टर्न कलावंतांच्या मानकऱ्यांत त्याला जागा दिली. 20 ऑक्टोबर 2003 रोजी ओरेगनमधल्या ॲशलंडला तो गेला.

केनेडीच्याच ‘सपोर्ट युअर लोकल गनफायटर’चा (1971) शेवट मिळाला तर जरूर बघा. आगगाडीवरून ईलम थेट आपल्याकडे वळतो, बाकीच्या पात्रांचं पुढे काय झालं ते सांगतो आणि मग स्वतःचं: आपण म्हणे पुढे इटालियन वेस्टर्नमधले बडे स्टार झालो. माशीला तेव्हा तीन वर्षं झाली होती.