कुत्र्याची केसगळती व घरगुती केसनिगा

कुत्र्याच्या अंगावरचे जुने केस सुटून त्यांच्या जागी नवे येण्याच्या नैसर्गिक क्रियेला केसगळती म्हणतात. सुटलेले केस घरच्या घरी विंचरून, धुऊन व वाळवून काढणे, गुंता होऊ न देणे आणि त्याच वेळी कातडी तपासणे यांचा समावेश केसनिगेत होतो. निरोगी कुत्र्याची केसगळती कोणत्याही तेलाने, गोळीने वा शाम्पूने बंद होत नाही आणि ती बंद होऊही नये. सुटलेला केस सोफ्यावर किंवा जेवणाच्या ताटात येण्याआधी ब्रशमध्ये यावा, एवढी व्यवस्था मात्र घरातल्या माणसांना नक्की करता येते, आणि बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत तिला रोजची दहा मिनिटे पुरतात.

कुत्र्याच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून केसांचा झुबका बाहेर येतो. त्यात एक लांब, राठ केस असतो आणि त्याच्याभोवती बारीक, मऊ केस असतात. राठ केस पाणी व ऊन वरच्यावर अडवतात. आतली लव, जिला ग्रूमिंगच्या व्यवसायातले लोक ‘अंडरकोट’ म्हणतात, ती हवा धरून ठेवते आणि थंडीपासून व काही अंशी उन्हाच्या झळांपासून बचाव करते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, सायबेरियन हस्की आणि आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणून सांभाळला जाणारा पांढरा इंडियन स्पिट्झ हे सगळे अशा दुहेरी केसांचे, म्हणजे ‘डबल कोट’चे कुत्रे होत. केस आखूड म्हणजे गळती कमी, हा समज लॅब्रॅडॉर घरी आला की फार दिवस टिकत नाही; त्याचे आखूड, ताठ केस चादरीच्या विणीत रुततात आणि झटकून निघत नाहीत. मराठवाड्यातल्या कारवान कुत्र्याचे केस आखूड व अंगासरशी बसलेले असतात, तर त्याच भागातल्या पश्मी कुत्र्याच्या कानांवर, पायांवर आणि शेपटीवर रेशमी झालर असते. ‘पश्म’ या फारसी शब्दाचा अर्थच लोकर असा आहे. कारवानाला ओल्या फडक्याने पुसून रबरी ब्रश फिरवला की भागते. पश्मीची झालर मात्र नियमाने विंचरावी लागते.

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबून मुळाशी नुसता टिकून राहतो आणि शेवटी गळतो. बहुसंख्य जातींमध्ये कोणत्याही वेळी विश्रांतीच्या टप्प्यातले केस जास्त असतात, म्हणून ते थोड्याथोड्या धक्क्याने सुटतात. पूडलसारख्या जातीत वाढीचा टप्पा लांबतो. तिचे केस जमिनीवर फारसे पडत नाहीत, पण वाढत राहतात आणि कापावे लागतात. सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसांतच अडकून राहतो आणि त्याची जट होते, त्यामुळे अशा कुत्र्याच्या मालकाचे काम उलट वाढते. केसांची लांबी, कुरळेपणा आणि मिशा-भुवयांची ठेवण यांतला बहुतेक फरक केवळ तीन जनुकांमधून उलगडतो, असे २००९ साली संशोधकांनी दाखवून दिले. ‘केस न गळणारा, म्हणून ॲलर्जी न देणारा कुत्रा’ ही जाहिरात मात्र तपासणीत टिकलेली नाही, कारण ॲलर्जी देणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. केस त्यांचे वाहन तेवढे बनतात.

गळतीचा हंगाम मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतो; तापमानाचा वाटा त्या मानाने दुय्यम असतो. लंडनमध्ये वर्षातला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून थोडा मोठा आणि सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही थोडा लहान असतो, त्यामुळे तिथले कुत्रे वसंतात व शरदात भराभर लव टाकतात. मुंबईत हाच फरक साधारण सव्वातेरा तास आणि अकरा तास एवढाच असतो, त्यात घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. त्यामुळे आपल्या फ्लॅटमधल्या पुष्कळ कुत्र्यांची गळती बारमाही, आणि अधूनमधून जोर धरणारी अशी असते. पिल्लाचे मऊ केस चार ते सहा महिन्यांच्या सुमारास जाऊन मोठेपणीचे केस येऊ लागतात. कुत्री व्याल्यानंतर काही आठवड्यांनी तिचे केस मोठ्या प्रमाणात गळतात. तिचे खाणे चांगले असेल तर ते आपोआप भरून येतात आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नसते.

साधनांची निवड केसांवर ठरते. आखूड केसांसाठी रबरी दात्यांचा ब्रश सर्वांत चांगला; घोड्याला आणि बैलाला ज्याने खरारा करतात, त्याच जातीचे हे साधन आहे, आणि खरारा करण्याची आपली जुनी पद्धत इथे जशीच्या तशी लागू पडते: आधी गोल गोल घासून मेलेला केस सैल करायचा, मग केसाच्या कलाने ओढून काढायचा. दुहेरी केसांसाठी बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, लांब दात्यांचा रेक आणि शेवटी तपासणीसाठी पोलादी फणी एवढे पुरते. धारदार पात्याची ‘डीशेडिंग’ साधने झटपट ढीग काढून दाखवतात, पण जोराने किंवा रोज वापरली तर ती चांगले राठ केसही कापतात. आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, यापलीकडे ती वापरू नयेत.

लांब केसांच्या कुत्र्याला वरवर ब्रश फिरवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. गोल्डन रिट्रीव्हरची मांडी वरून गुळगुळीत दिसते. डाव्या तळव्याने वरचे केस उलटे दाबून धरून आडवा भांग पाडला, की खाली राखाडी, नमद्यासारखा घट्ट थर दिसतो. त्या थराच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून एका वेळी बोटभर रुंदीचे केस खाली सोडत, प्रत्येक ओळ मुळापासून टोकापर्यंत विंचरत वर जायचे, आणि प्रत्येक भांगात कातडी स्वच्छ दिसेपर्यंत पुढच्या ओळीला हात घालायचा नाही. शेवटी फणी कुठेही न अडकता फिरली तर काम झाले. स्लिकरच्या तारा आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहाव्यात. तिथे ज्या दाबाने ओरखडा उठतो, तो दाब कुत्र्यालाही लागतोच.

जटा होण्याच्या जागा ठरलेल्या असतात: कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या मागे आणि शेपटीखाली. लहान जटेवर थोडे कॉर्नफ्लॉवर चोळून ती बोटांनी टोकाकडून सोडवत आणावी, कातडीजवळचे केस दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरावेत म्हणजे ओढ बसत नाही. कात्री लावण्याचा मोह टाळावा, कारण जटेबरोबर कातडीही वर उचलली जाते आणि पातळ घडी कात्रीत सापडते. अशी जखम टाके घालण्यापर्यंत जाते. घट्ट बसलेली जट क्लिपरने, म्हणजे केस कापण्याच्या यंत्राने, काढणे हेच कुत्र्याच्या हिताचे असते.

आंघोळ महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे, आणि ती नेहमी विंचरल्यानंतर घालावी, कारण पाण्याने जट आणखी आवळते. कुत्र्याच्या कातडीचा बाह्य थर माणसाच्या थरापेक्षा पातळ असतो आणि तिची आम्लता माणसाच्या कातडीपेक्षा कमी असते, म्हणून माणसांचा शाम्पू आणि कपड्यांचा साबण तिला मानवत नाहीत. पाणी कोमट हवे, शाम्पू पातळ करून घ्यावा आणि वाहते पाणी निर्मळ दिसू लागल्यावरही थोडा वेळ धुवत राहावे. औषधी शाम्पू असेल तर तो सांगितलेला वेळ, बहुधा दहा मिनिटे, अंगावर राहू द्यावा लागतो. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात खरे महत्त्व वाळवण्याला आहे. वरचे केस कोरडे वाटले तरी लव तासन्‌तास ओली राहते, तिच्याखाली यीस्ट आणि जिवाणू वाढतात, कुबट वास येतो, आणि कुत्रा एकाच जागी चाटत राहून रात्रीतून लाल, ओलसर चट्टा तयार होतो. फिरून आल्यावर टॉवेलने दाबून पाणी टिपावे, बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, आणि ड्रायर वापरलाच तर त्याची हवा थंड ठेवून पंख्याखाली विंचरत वाळवावे.

उन्हाळा लागला की दुहेरी केसांच्या कुत्र्याला सरसकट भादरून आणण्याची पद्धत मायेपोटी आलेली असली तरी अपायकारक आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. घामाच्या उपयोगी ग्रंथी त्याच्या पंजांच्या तळव्यांपुरत्या असतात. केस गेल्याने गारवा मिळेलच असे नाही, उन्हाचा चटका मात्र थेट कातडीला बसतो, आणि काही कुत्र्यांत भादरलेली जागा अनेक महिने तशीच राहते किंवा तिथे वेगळ्याच पोताचे केस येतात. मेलेली लव पूर्ण काढून टाकली, की केसांतून हवा खेळते. पाणी, सावली आणि फरशीचा गारवा एवढे दिले की बहुतेक काम होते. शस्त्रक्रिया, कातडीचा आजार किंवा सगळ्या अंगावर बसलेल्या जटा ही भादरण्याची रास्त कारणे आहेत.

केस हे प्रथिनांचे बनलेले असतात आणि कुत्र्याच्या आहारातल्या प्रथिनांचा मोठा वाटा कातडी व केसांवर खर्च होतो. आपल्याकडे दूध-पोळी आणि दहीभातावर वाढलेल्या अनेक कुत्र्यांचे केस निस्तेज, विरळ आणि कोंडा धरलेले दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा ताटातच सापडते. अंडे शिजवूनच द्यावे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातले ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते. करडईच्या तेलात कातडीला लागणारे लिनोलेइक आम्ल भरपूर असते. त्याचा अर्धा-एक चमचा खाण्यात घालणे मध्यम आकाराच्या कुत्र्याला चालते, मात्र जास्त तेलाने पोट बिघडते. आहारातल्या बदलाचा परिणाम केसांवर दिसायला दीड-दोन महिने लागतात.

विंचरण्याचा सर्वांत मोठा लाभ तपासणीचा आहे, आणि ब्रश बाजूला ठेवून दोन्ही हातांची बोटे कातडीवरून फिरवल्याशिवाय तो मिळत नाही. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेभोवती वाटाण्याएवढी गोचीड सापडते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. गोचिडीतून कुत्र्यांना एर्लिकिओसिस आणि बॅबेसिओसिस हे गंभीर ज्वर होतात. रॉकेल किंवा फिनाईल लावण्याचा उपाय विषारी आहे आणि तो कधीही करू नये. शेपटीच्या मुळाशी काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावेत. कणाभोवती तांबूस वलय पसरले तर ती पिसवांची विष्ठा आणि ते वलय पचलेल्या रक्ताचे असते. पर्मेथ्रिन असलेली कुत्र्यांची औषधे मांजरांना प्राणघातक ठरतात, म्हणून घरात दोन्ही असतील तर डब्यावरचा मजकूर वाचणे अगत्याचे आहे.

गळती आणि आजार यांतला फरक टकलावरून कळतो. सर्वांगावरून केस जात असतील आणि कातडी कुठेही उघडी पडत नसेल, तर ती नेहमीची गळती समजावी. गोल चकंदळ पडले तर गजकर्णाची शंका घ्यावी, आणि ते माणसांना, विशेषतः मुलांना लागते हे ध्यानात ठेवावे. प्रचंड खाज, कानांच्या कडांवर खपल्या आणि कोपरांचे टक्कल ही लुतीची लक्षणे होत. खाज नसताना दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होणे, शेपूट उंदरासारखी उघडी पडणे, कुत्रा सुस्त व जाड होणे हे थायरॉइड मंदावल्याचे चित्र असू शकते. यांपैकी काहीही दिसल्यास शाम्पू बदलत बसण्यापेक्षा पशुवैद्याकडून कातडी खरवडून आणि रक्त तपासून घ्यावे.

घरात पडलेले केस कोरड्या झाडूने उडतात आणि कोंडाही हवेत पसरतो. ओले फडके किंवा व्हॅक्यूम वापरावा, आणि सोफ्यावर ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवला की केसांच्या वळकट्या होऊन हातात येतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोस्ट सेलिश लोक लोकरीसाठी खास कुत्रे पाळत, त्यांना मेंढ्यांसारखे कातरत आणि त्या लोकरीच्या घोंगड्या विणत. ती जात आता नष्ट झाली असून १८५९ साली मेलेल्या अशा एका कुत्र्याचे कातडे स्मिथसोनियन संस्थेत जपलेले आहे. आपल्याकडे विंचरलेली लव पक्ष्यांच्या घरट्यांसाठी गॅलरीत ठेवण्याची हौस अनेकांना असते. मानेवर पिसवा-गोचिडींचे औषध टाकलेल्या कुत्र्याचे केस मात्र बाहेर ठेवू नयेत. फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड ही त्या औषधांतली कीटकनाशके ब्रिटनमध्ये रामगंगा (इंग्रजीत ‘टिट’) कुळातल्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यांत आढळली आहेत, आणि ज्या घरट्यांत त्यांचे प्रमाण जास्त होते तिथे न उबलेली अंडी व मेलेली पिल्लेही जास्त होती. असे केस कागदात गुंडाळून कचऱ्यातच टाकावेत.