दाराबाहेर बसलेल्यांनी घडवलेली उपासना

करिश्मॅटिक ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला पहिल्यांदा गेलेला माणूस बहुधा गोंधळतो. गाणं सुरू होतं आणि अर्धा तास झाला तरी थांबत नाही. एकच ओळ दहा-दहा वेळा म्हटली जाते. कुणी डोळे मिटून हात वर करतं, कुणी रडतं, कुणी जागच्या जागी नाचतं. मग शब्द थांबतात, वाद्यं हलकेच वाजत राहतात आणि सगळी मंडळी एकाच वेळी, ज्याच्या त्याच्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करू लागते. त्यात मधूनच असे आवाज कानावर येतात, जे कुठल्याच ओळखीच्या भाषेतले नसतात. छापील प्रार्थनापुस्तक आणि ठरलेल्या वेळी उठणं-बसणं यांत वाढलेल्याला ही बेशिस्त वाटते. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक कृतीला वंशावळ आहे. ती मागे शोधत गेलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: ज्यांना देवाच्या घरात बोलायची मुभा नव्हती, त्यांनीच ही उपासना मुख्यतः घडवली.

सुरुवात शब्दापासून करू. ग्रीक भाषेत 'खारिस' म्हणजे कृपा आणि 'खारिस्मा' म्हणजे कृपेने मिळालेलं दान. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'कृपादान' असा नेमका शब्द आहे. आपण एखाद्या पुढाऱ्याचा 'करिश्मा' म्हणतो तो मुळात फारसीतून आलेला वेगळा शब्द, त्यामुळे करिश्मॅटिक मंडळी म्हणजे एखाद्या छाप पाडणाऱ्या वक्त्याची मंडळी, असा अर्थ घेऊ नये. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल ही दानं मोजून सांगतो. ज्ञानाचं वचन, विश्वास, रोग बरे करण्याचं सामर्थ्य, देवाकडून आलेला संदेश सांगणं, अन्य भाषा, म्हणजे कधी न शिकलेल्या भाषा, बोलणं आणि त्यांचा अर्थ सांगणं ही त्यातली काही. दान कुणाला द्यायचं हे पवित्र आत्मा, म्हणजे देवाचा आत्मा, ठरवतो, माणसाचा हुद्दा नव्हे, असं तो बजावतो. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

त्याच्याही मागे पेंटेकॉस्टचा दिवस आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात जोराच्या वाऱ्यासारखा नाद होतो, अग्नीच्या जिभा दिसतात आणि जमलेले शिष्य वेगवेगळ्या भाषांत बोलू लागतात. बघणारे म्हणतात, हे प्यायलेले आहेत. पेत्र उठून योएल संदेष्ट्याचं वचन सांगतो: आत्मा सर्वांवर ओतला जाईल, मुलगे बोलतील, मुली बोलतील, दास आणि दासीही बोलतील. करिश्मॅटिक मंडळीत हे वचन आजही वारंवार वाचलं जातं.

पहिल्या पिढ्यांनंतर ही दानं हळूहळू मागे पडली. दुसऱ्या शतकात फ्रिजियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मोंतानस आणि त्याच्याबरोबरच्या प्रिस्किल्ला व माक्सिमिल्ला या दोन स्त्रियांनी संदेश सांगायला सुरुवात केली, तेव्हा बिशपांनी ती चळवळ पाखंडी ठरवली. पुढची अनेक शतकं असे अनुभव संतांच्या चरित्रांत आणि मठांत दिसतात, सामान्य माणसाच्या रविवारच्या उपासनेत मात्र क्वचितच.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली उघड्या मैदानात प्रवचनं करू लागला. ती ऐकताना माणसं रडत, थरथरत, जमिनीवर कोसळत. 1801 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत केंटकीतल्या केन रिज इथे हजारो लोक तंबू ठोकून राहिले, तेव्हाही हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. प्रार्थनेच्या वेळी कुणी कोसळलं तर धरायला आज मागे स्वयंसेवक उभे असतात. त्या दृश्याचं मूळ इथवर जातं. दुसरी धारा गुलामगिरीत अडकलेल्या आफ्रिकी माणसांची होती. एकाने ओळ टाकायची आणि सगळ्यांनी उचलायची, टाळ्या आणि पावलांनी ताल धरायचा, वर्तुळात फिरत गायचं, हे त्यांनी पश्चिम आफ्रिकेतून शरीरात जपून आणलं होतं. मालकाला त्यांचं पुस्तक हिसकावून घेता येत होतं, ताल हिसकावता आला नाही.

या दोन धारा विल्यम सेमूर या काळ्या प्रचारकाच्या आयुष्यात एकत्र आल्या. सेमूर 1870 मध्ये लुइझियानात जन्मला. आईवडील पूर्वी गुलाम होते. त्याचा एक डोळा गेलेला होता. कॅन्ससमधल्या टोपिका इथे चार्ल्स पारहम नावाचा गोरा प्रचारक शिकवत असे की आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाण्याची, खूण म्हणजे अन्य भाषा बोलणं. 1901 च्या पहिल्याच दिवशी त्याच्या शाळेतली अ‍ॅग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी तशी बोलली. पुढे पारहमने ह्यूस्टनला वर्ग चालवले, तेव्हा सेमूर तिथे शिकायला गेला. वर्णभेदाच्या रिवाजामुळे त्याला गोऱ्यांबरोबर आत बसता येत नव्हतं. तो वर्गाच्या दाराबाहेर बसायचा आणि उघड्या दारातून ऐकायचा. या सगळ्या इतिहासातून एकच चित्र लक्षात ठेवायचं झालं तर मी हे ठेवीन.

1906 च्या सुरुवातीला सेमूर लॉस एंजेलिसला आला. ज्या मंडळीने बोलावलं तिने त्याची शिकवण ऐकून दाराला कुलूप लावलं. मग तो एका घरात प्रार्थना घेऊ लागला. 9 एप्रिलला तिथे लोक अन्य भाषांत बोलू लागले आणि गर्दी इतकी वाढली की जागा बदलावी लागली. 312 अझुसा स्ट्रीट ही इमारत एके काळी आफ्रिकी-अमेरिकी मेथडिस्टांचं चर्च होती आणि नंतर तिचा तबेल्यासारखा वापर झाला होता. जमिनीवर भुसा पसरला होता आणि खिळ्यांच्या पिंपांवर फळ्या टाकून बाकं केली होती. एकावर एक ठेवलेली दोन लाकडी खोकी हेच व्यासपीठ. सेमूर बराच वेळ त्या खोक्यात डोकं घालून प्रार्थना करत बसायचा, लोकांसमोर येण्याची त्याला घाई नसायची. सुरुवातीला वाद्यं नव्हती, गीतांची पुस्तकं नव्हती. जे पाठ होतं ते गायचं. कार्यक्रम ठरलेला नसे. ज्याला आत्म्याने प्रेरणा दिली असं वाटेल तो उठून बोले, मग ती मोलकरीण का असेना. काळे, गोरे आणि मेक्सिकन त्या भुशावर शेजारी-शेजारी गुडघे टेकत. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट अन्य भाषांहून जास्त धक्कादायक होती. वर्षाच्या शेवटाकडे पारहम स्वतः पाहायला आला आणि वर्णांची ही सरमिसळ पाहून त्याने जाहीर नापसंती दाखवली. दाराबाहेर बसवलेल्या शिष्याच्या घरात गुरूला जागा राहिली नाही.

रोज तीन सभा होत आणि हे साधारण तीन वर्षं चाललं. आज कुणीही उठून साक्ष देऊ शकतं, गाणं किती वेळ चालेल हे आधी ठरत नाही, स्त्रिया प्रार्थना चालवतात. ही घडण त्या खोलीत पक्की झाली.

पण सगळं अझुसा स्ट्रीटवरून जगभर गेलं असं सांगणं अर्धवट आहे, आणि हा अर्धवटपणा मला खटकतो. वेल्समध्ये 1904 मध्ये मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धा पुन्हा चेतवणारी लाट, सुरू झालं होतं. त्याच्या बातम्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोचल्या आणि 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेचे गट बांधले. या मुली कोण होत्या? दुष्काळातून वाचवलेल्या, बालविधवा, घरानं टाकलेल्या. 29 जूनच्या पहाटे वसतिगृहात झोपलेल्या एका मुलीला आत्म्याचा अनुभव आला. शेजारची मुलगी जागी झाली, तिला तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या, आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की ही जळत नाही. मिशनमध्ये काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. ती बादली मला त्या ज्वाळांइतकीच खरी वाटते: समोरची जळते आहे असं वाटलं आणि पोर विचार न करता पाणी आणायला धावली.

दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना मुली रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या आणि शेकडो कंठांतून एकदमच मोठ्याने प्रार्थना सुरू झाली. अझुसा स्ट्रीट सुरू व्हायला अजून नऊ महिने होते. या कल्लोळावर टीका झाली तेव्हा रमाबाईंचं म्हणणं साधारण असं होतं की पाश्चात्त्यांनी आपली रीत पाळावी, पण इथल्या लोकांनी देवाला कसं आळवायचं हे तिच्यावरून ठरवू नये. पुढे मुक्तीतही अन्य भाषांचे अनुभव आले, पण आत्म्याची तेवढीच खूण आहे असा आग्रह त्यांनी धरला नाही. अब्राम्स यांनी या अनुभवांवर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या त्यांच्या मैत्रिणीला, म्हणजे हूवर या मिशनरी दांपत्यातल्या पत्नीला, मिळाली. 1909 मध्ये वाल्परैसोच्या मेथडिस्ट मंडळीत संजीवन झालं आणि त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. केडगावहून चिलीपर्यंतची ही वाट लॉस एंजेलिसमधून गेलेली नाही. कोरियात प्याँगयांगमध्ये 1907 च्या जानेवारीत एकत्र मोठ्याने प्रार्थना करण्याची रीत रुजली, ती कोरियन मंडळ्यांत अजून चालू आहे.

अन्य भाषांबद्दलची समजूतही याच काळात बदलली. आरंभी पारहमसारख्यांना वाटे की या खऱ्या परदेशी भाषा आहेत, म्हणजे मिशनऱ्याला भाषा शिकायची गरजच नाही. अझुसा स्ट्रीटहून निघालेला आल्फ्रेड गार त्याच विश्वासाने कोलकात्याला आला. बंगाली बोलता येईल ही त्याची अपेक्षा फोल ठरली. तो मागे फिरला नाही, काम करत राहिला. त्यानंतर ही भाषा मुख्यतः देवाशी बोलण्याची, शब्द अपुरे पडतात तिथली प्रार्थना आहे, हा अर्थ स्थिर झाला. आजच्या बहुतेक करिश्मॅटिक मंडळ्या तोच मानतात.

इथवर आलेले लोक पेंटेकॉस्टल म्हणवत आणि त्यांची चर्चेस वेगळी असत. 'करिश्मॅटिक' हे नाव रूढ झालं ते हाच अनुभव जुन्या चर्चेसमध्ये शिरल्यावर. 3 एप्रिल 1960 रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस इथे एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन चर्चचे, पाळक डेनिस बेनेट यांनी आपण अन्य भाषांत प्रार्थना करतो हे व्यासपीठावरून सांगितलं. इतका गदारोळ झाला की त्यांनी पद सोडलं, आणि पुढे सिअ‍ॅटलला जाऊन एक मरगळलेली मंडळी उभी केली. 1967 च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातले काही कॅथलिक विद्यार्थी आणि प्राध्यापक एका शिबिरात प्रेषितांची कृत्ये वाचत बसले होते, आणि तिथून कॅथलिक करिश्मॅटिक चळवळ निघाली. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामान्य श्रद्धावंताच्याही कृपादानांना मान दिला होता, त्यामुळे तिला घरातच जागा मिळाली. प्यू संशोधन केंद्राच्या 2011 च्या अंदाजानुसार जगात पेंटेकॉस्टल सुमारे 27.9 कोटी होते आणि करिश्मॅटिक 30.5 कोटी.

आता ते न संपणारं गाणं. 1948 मध्ये कॅनडातल्या नॉर्थ बॅटलफर्ड इथून पसरलेल्या संजीवनात एक विचार जोर धरत गेला: देव आपल्या लोकांच्या स्तवनात वास करतो, तेव्हा स्तुती ही प्रवचनाची पूर्वतयारी नसून स्वतःच एक अर्पण आहे. शंभराव्या स्तोत्रात उपकारस्तवन करत द्वारांतून आणि स्तुती करत अंगणात येण्याचं बोलावणं आहे. मंडळ्यांनी त्यावरून गाण्यांचा क्रम बसवला. आधी उत्साहाची, टाळ्यांची गाणी. मग हळूहळू संथ, आर्जवी गाणी. शेवटी शब्द थांबून नुसता आळवणीचा सूर. बायबलमधल्या साक्षमंडपाच्या, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, अंगणातून परमपवित्र स्थानाकडे जावं तसं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हिप्पी पोरांनी गिटार आणली आणि व्हिनयार्ड या करिश्मॅटिक मंडळ्यांच्या चळवळीचे जॉन विंबर, जे आधी व्यावसायिक वादक होते, त्यांनी देवाविषयी गाण्यापेक्षा देवाला उद्देशून गाण्यावर भर दिला. 'तो थोर आहे' याच्या जागी 'तू माझा आहेस'. याच सुमारास गाण्याचे शब्द पडद्यावर दिसू लागले. फारसा कुणी याचा विचार करत नाही, पण गीतांचं पुस्तक हातातून गेलं आणि दोन्ही हात मोकळे झाले. वर उचललेले हात तसे नवे नाहीत. रोमच्या भूमिगत दफनगुहांतल्या भित्तिचित्रांत प्रार्थना करणारी माणसं अशीच उभी आहेत.

या वाटेवर खड्डेही आहेत. आजार बरा झाला नाही म्हणजे विश्वास कमी पडला असं रुग्णाला सांगणं, औषध बंद करायला लावणं, दान दिलं की संपत्ती मिळेल असं शिकवणं, हे घडलं आहे आणि त्याने माणसं मोडली आहेत. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. त्याला दोष द्यायला सांगितलेलं नाही. 1994 मध्ये टोरंटोच्या एका व्हिनयार्ड मंडळीत हसणं, कोसळणं, विचित्र आवाज काढणं सुरू झालं, तेव्हा 1995 च्या अखेरीस व्हिनयार्डनेच तिच्याशी संबंध तोडले. कुठे थांबायचं हा वाद चळवळीच्या आतच सतत चालू असतो.

त्या वादाचं सर्वांत जुनं उत्तर करिंथकरांच्या पत्रातच आहे. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, एकेकानं बोलावं आणि कुणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहून देवाशी बोलावं. ज्या मंडळ्या हे पाळतात तिथे एक क्षण नेमका ओळखता येतो. सामूहिक प्रार्थना ओसरलेली असते. एखादी बाई मोठ्याने अन्य भाषेत बोलते आणि थांबते. पाळक पुढचं गाणं सुरू करत नाही, वादक हात आवरतात, सगळी खोली स्तब्ध होते. कधी काही सेकंद, कधी मिनीटभर. मग मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलू लागतं.